एवान्थियाबाईंचं वर जाणं

रविवारी सकाळी मेलबर्नहून मावशीचा फोन येतो तेव्हा पान्देलिस वुर्लिस सहसा न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावतो. मावशीवर त्याचं प्रेम नाही असं नाही. पण पोलिक्सेनीमावशी फोनवर नुसती बोलत नाही, दाखवते. मागच्या खेपेला तिने नवा फ्रीज दाखवला होता, तोही आतून, एकेक कप्पा उघडून. त्याआधी स्वतःच्या कंबरेचा एक्स-रे, खिडकीच्या उजेडात धरून. पान्देलिस नोटरीच्या कचेरीत कारकून आहे. आठवडाभर लोकांची खरेदीखतं वाचून त्याचे डोळे चुरचुरतात. रविवारी त्याला कुणाचा फ्रीज वाचायची इच्छा नसते.

मे महिन्यातल्या त्या रविवारी मात्र न्हाणीघरात त्याची बायको लुकिया केस रंगवत बसली होती. त्यामुळे तो स्वयंपाकघरात आयता सापडला आणि पुढचं सगळं त्याच्या मानगुटीवर बसलं. लुकियाने केस सोमवारी रंगवले असते तर काही झालं नसतं, असं तो अजूनही म्हणतो. त्यावर लुकिया म्हणते, "तुझी आई खोटं बोलली नसती तर काही झालं नसतं, असं का नाही म्हणत?"

आईने, म्हणजे एवान्थियाबाईंनी, फोन कॉफीच्या भांड्याला टेकवून ठेवला होता. पडद्यात मावशीची हनुवटी दिसत होती.

"एवान्थिया, आमचा नातू येऊन गेला ना तुमच्याकडे, त्याने फोटो पाठवलेत. ॲक्रोपोलिसवरचे. काय गं ते खांब! तू शेवटची कधी गेली होतीस वर?"

आता खरं सांगायचं तर एवान्थियाबाईंनी ऐंशी वर्षं अथेन्समध्ये काढली होती आणि ॲक्रोपोलिसवर पाऊल ठेवलेलं नव्हतं. यात नवल काहीच नाही. पांग्राती भागातल्या त्यांच्या गच्चीवरून तो खडक रोज दिसतो. चादरी वाळत घालताना दिसतो, काढताना दिसतो. जी गोष्ट कुठे पळून जात नाही तिला भेटायला कोण जातं? वर जायचं ते पाहुण्यांनी. अथेन्सच्या माणसाने त्यांना रस्ता दाखवायचा, तोही बऱ्याचदा चुकीचा. पान्देलिस स्वतः शाळेच्या सहलीत एकदा गेला होता, पण त्याला बसमध्ये उलटी झाली होती आणि संस्कृतीपैकी तेवढंच त्याच्या लक्षात राहिलं होतं.

पण समोर बहीण होती. त्या बहिणीकडे बाग होती, दोन मोटारी होत्या, आतून दाखवण्यासारखा फ्रीज होता. एवान्थियाबाईंकडे अथेन्स होतं. त्यांनी छताकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "जाते की. अधूनमधून. मन झालं की जाते."

पान्देलिसला कॉफीचा ठसका लागला.

"अगंबाई! मग मी जुलैत येतेय ना, मला तूच ने," मावशी म्हणाली. "तो गाईडबिईड नको मला. तू दाखव सगळं."

"दाखवते की. त्यात काय!"

फोन बंद झाला. एवान्थियाबाई थोडा वेळ ओट्यावरचा एकच डाग पुसत राहिल्या. मग खिडकीशी उभ्या राहून, म्हणजे इमारतीच्या पोटात हवेसाठी जो चौकोनी बोळ सोडलेला असतो आणि ज्यातून हवा सोडून बाकी सगळं येतंजातं, त्या बोळाशी उभ्या राहून मोठ्याने म्हणाल्या, "पान्देली, मला आता वर जायचंय. पोलिक्सेनी यायच्या आत. आणि कुणाला कळता कामा नये."

खाली पहिल्या मजल्यावर लेमोनियाबाई वांगी तळत होत्या. त्यांनी गॅस बारीक केला.

*

काम तसं एवढंसं होतं. आईला एकदा गुपचूप वर न्यायचं, कुठे काय आहे ते तिच्या डोक्यात घालायचं, खाली आणायचं. पण एवान्थियाबाईंचे गुडघे तीन जिने उतरतानाच सगळ्या संतांची नावं घेतात, त्यांना तो चढ झेपणार नव्हता. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी खडकाच्या कडेला लिफ्ट आहे, असं पान्देलिसला कचेरीत कळलं. त्याने फोन लावला. बरंच संगीत ऐकवल्यानंतर एक बाई म्हणाली की लिफ्ट आहे, डॉक्टरची चिठ्ठी आणा, चाकांची खुर्ची असेल तर उत्तम, आणि वारा नसेल तर या.

"मी लंगडी आहे असं लिहून आणू?" एवान्थियाबाई कडाडल्या. "तुझ्या बापाने कधी मला लंगडी म्हटलं नाही, आणि तो काय वाट्टेल ते म्हणायचा!"

दोन दिवस समजूत काढल्यावर त्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टरने गुडघे दाबले, हलवले, आणि लिहिलं: संधिवात, मध्यम स्वरूपाचा. चिठ्ठी वाचून एवान्थियाबाई पुन्हा भडकल्या.

"मध्यम? जिना चढताना माझे प्राण डोळ्यांत येतात आणि हा म्हणतो मध्यम? पान्देली, त्याला म्हणावं खोड आणि नीट लिही."

"आई, परवा तुला लंगडी म्हटलेलं चालत नव्हतं."

"लंगडी नाहीच मी. पण मध्यमही नाही!"

खुर्ची कप्तानाकडून मिळाली. कप्तान थ्रासीवुलोस हा इमारतीचा व्यवस्थापक. निवृत्त होईपर्यंत बेटांच्या फेरीबोटीवर होता, आणि अजूनही जिन्यातला दिवा गेला तर जहाज बुडत असल्यासारखा ओरडतो. त्याच्या सासूची चाकांची खुर्ची तळघरात पडून होती. पान्देलिसने ती मागितली, कशाला ते सांगितलं नाही. कप्तानाने त्याच्याकडे एकदा पाहिलं, टोपी काढली आणि म्हणाला, "ठेव. परत करायची घाई करू नकोस. आमच्या म्हातारीला शेवटपर्यंत फार उपयोगी पडली."

पान्देलिसला वाटलं, काय भला माणूस आहे!

खुर्ची जिन्यातून वर नेताना पहिल्या मजल्यावर लेमोनियाबाईंनी गाठलंच. हातात झाकलेली ताटली होती. डोळे ओले होते. पान्देलिसला वाटलं, कांदा.

"पान्देली, आमच्यापासून कशाला लपवायचं? आम्ही काय परके आहोत? मला सगळं कळलंय." त्यांनी आवाज खाली आणला. "आईला वर जायचंय ना?"

पान्देलिसच्या खांद्यावरचा भार उतरला. खुर्चीचा नव्हे, गुपिताचा. "कळलंच तुम्हाला? काय करणार लेमोनियाबाई, तिचाच हट्ट आहे. म्हणते, एकदा वर जाऊन मोकळी होते."

लेमोनियाबाईंनी छातीवर क्रूस काढला. "डॉक्टर काय म्हणाले?"

"मध्यम."

"डॉक्टर असंच म्हणतात, घरच्यांनी हाय खाऊ नये म्हणून. आणि कधी...?"

"शनिवारी. सकाळी लवकर जाईल तर बरं. उन्हाच्या आत."

लेमोनियाबाईंनी भिंतीचा आधार घेतला. "शनिवारी! इतकं ठरलेलं! आणि पोलिक्सेनीला?"

"मावशीला अजिबात कळू देऊ नका हं. तिला कळलं तर आई जिवंतपणी मरेल."

"हो रे बाबा, हो." त्यांनी ताटली त्याच्या हातात दिली आणि त्याच्या दंडावर थोपटलं. "धीर धर. आज ना उद्या आपण सगळेच जाणार आहोत."

"तुम्हीपण?" पान्देलिस म्हणाला. "मग आत्ताच नक्की सांगा, म्हणजे सगळ्यांची तिकिटं एकदम काढतो."

लेमोनियाबाईंनी घाईने आत जाऊन दार लावलं. त्या संध्याकाळी त्यांनी इमारतभर सांगितलं की एवान्थियाचं शनिवारी काही खरं नाही, आणि दुःखाने पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय.

*

शनिवारी रखवालदारांचा संप निघाला. हे खाली पोचल्यावर, टॅक्सीतून आई आणि खुर्ची अशी दोन्ही उतरवल्यावर आणि टॅक्सी निघून गेल्यावर कळलं. फाटक बंद, फाटकावर कागद, कागदासमोर घामाघूम पाहुण्यांचा घोळका. त्यातल्या एकाने पान्देलिसला इंग्रजीत विचारलं की हे कधी उघडेल. आपल्या गावात आपल्यालाही एवढंच माहीत आहे, हे सांगायला पान्देलिसला इंग्रजी आलं नाही आणि लाजही वाटली.

पुढच्या आठवड्यात पान्देलिसने गुरुवारी रजा काढली; संप नव्हता, वारा होता. लिफ्टजवळच्या तरुणीने नम्रपणे आकाशाकडे बोट दाखवलं. एवान्थियाबाईंच्या डोक्यावरचा रुमाल उडून ऑलिव्हच्या झाडावर बसला. पान्देलिस तो काढायला चढला, त्याची पँट फाटली, आणि एका जपानी जोडप्याने त्याचा फोटो काढला. "प्राचीन काही दिसलं असेल," असं लुकिया नंतर म्हणाली.

परत येताना एवान्थियाबाईंनी ठरवलं की ही फजिती शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिसता कामा नये. म्हणून टॅक्सीतून उतरल्यावर त्या खुर्चीत बसल्या, शाल तोंडावरून ओढून घेतली आणि मान छातीवर टाकली. पान्देलिस फाटकी पँट झाकण्यासाठी वाकून, पाय ओढत खुर्ची ढकलत होता. दारात कप्तान, लेमोनियाबाई आणि दुसऱ्या मजल्यावरची मंडळी उभी होती. कप्तानाने लिफ्टचं दार धरून ठेवलं, आणि ती लिफ्ट, जी वर्षानुवर्षं चौथ्या मजल्यावर अडकलेली असायची, त्या दिवशी निमूटपणे खाली आलेली होती.

"लोक हल्ली किती समजूतदार झालेत!" वर गेल्यावर एवान्थियाबाई शाल काढत म्हणाल्या. "आणि त्यांना कळलं काहीच नाही बघ."

दुसऱ्या दिवशी चर्चमधले फादर अन्थिमोस आले. हातात आजाऱ्यांना लावायच्या पवित्र तेलाची बाटली. पान्देलिस कचेरीत होता, लुकिया बाजारात. जे घडलं ते एवान्थियाबाईंच्याच तोंडून कळलं. फादर खुर्ची ओढून बसले, त्यांनी बाईंचा हात हातात घेतला आणि विचारलं, "मनावर काही ओझं आहे का, एवान्थिया?"

एवान्थियाबाई दचकल्या. "पान्देलीने सांगितलं वाटतं तुम्हाला?"

"कोणी सांगितलं ते सोड. बोलून टाक, हलकं वाटेल."

"खोटं बोलले हो, फादर. सख्ख्या बहिणीशी. मी वर कधी गेलेच नाही!"

फादर मायेने हसले. "वर आधी जाऊन कोण आलंय, बाई? त्याची भीती नको. सगळे पहिल्यांदाच जातात."

"कोण आलंय म्हणजे? तिचा नातू आलाय की जाऊन! फोटो आहेत, फादर!"

फादरांनी बाईंच्या कपाळाला जरा जास्तच तेल लावलं आणि ते निघाले. जाताना पहिल्या मजल्यावर थांबून म्हणाले, "भ्रम सुरू झालाय."

मग लेमोनियाबाईंना राहवेना. बहिणीला कळवू नका असं मुलगा म्हणतो, पण मुलाचं डोकं ठिकाणावर नाही. माणुसकी काही आहे की नाही? त्यांनी मेलबर्नला फोन लावला.

*

मंगळवारी भरदुपारी दाराची घंटा वाजली. स्वयंपाकघरात एवान्थियाबाई स्टुलावर उभ्या राहून पडदे काढत होत्या, कारण जुलैत पोलिक्सेनी येणार तेव्हा पडदे धुतलेले हवेत. शेगडीवर मांसाचे गोळे तळायला टाकलेले होते. जेवायला घरी आलेल्या पान्देलिसने दार उघडलं तर समोर नखशिखांत काळ्या कपड्यांत पोलिक्सेनीमावशी, मागे दोन बॅगा घेतलेला टॅक्सीवाला, आणि त्याच्या मागे जिनाभर शेजारी.

"मी वेळेत आले ना?" मावशी हुंदका देत म्हणाली. "आहे ना अजून?"

"कोण?" पान्देलिस म्हणाला.

"पान्देली!" आतून आवाज आला. "दार लाव, माशा येतात! आणि ते गोळे परतून टाक!"

मावशी आत धावली. एवान्थियाबाईंनी स्टुलावरून खाली पाहिलं. इतक्या वर्षांत दोघी समोरासमोर आल्या नव्हत्या; दोघींच्या आईच्या मयताला आली होती पोलिक्सेनी, त्यानंतर नाहीच. मग मावशीने त्यांचे पाय धरले, अक्षरशः, कारण स्टुलावर तेवढेच हाताशी होते, आणि दोघी भोकाड पसरून रडल्या. जिन्यातले शेजारीही रडले. गोळे करपले.

रडणं ओसरल्यावर मावशीने डोळे पुसले आणि बहिणीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तू मरत नाहीयेस."

"मी? मी कशाला मरू?"

"मग मी विमानात अख्खी रात्र रडत का आले? ती हवाईसुंदरी मला रुमाल देऊन देऊन थकली! मरायचं नव्हतं तर कळवायचं कशाला?"

"मी कुठे कळवलं!"

सगळ्यांनी लेमोनियाबाईंकडे पाहिलं. लेमोनियाबाई पान्देलिसकडे बघून म्हणाल्या, "यानेच सांगितलं मला. शनिवारी सकाळी, उन्हाच्या आत, असं म्हणाला. हवं तर विचारा!"

तेवढ्यात मावशीची नजर कोपऱ्यातल्या चाकांच्या खुर्चीवर गेली. "आणि ही कशाला मग?"

पान्देलिसला वाटलं, संपलं आता. सांगून टाकावं आणि सुटावं. पण ऐंशी वर्षांच्या बाईचा मेंदू अडचणीत सापडला की जो पळतो, त्याच्यापुढे कसली लिफ्ट! एवान्थियाबाई स्टुलावरून उतरल्या, केस सारखे केले आणि म्हणाल्या, "तुझ्यासाठी. म्हटलं, तुला तो चढ झेपायचा नाही. मला काय, सवय आहे."

मावशी तांबडीलाल झाली. "मला? मी रोज पोहते! डॉक्टर म्हणतो पोलिक्सेनी, तुमचं हृदय मुलीसारखं आहे! उद्याच चला. बघू कोण खुर्चीत बसतंय ते!"

कप्तानाने टोपी डोक्यावर घातली. "मग मी खुर्ची परत नेऊ का?"

"नको," पान्देलिस खोल आवाजात म्हणाला. "मलाच लागेल."

*

बुधवारी तिकिटं मिळाली नाहीत, गुरुवारी दुपारी एकची मिळाली. आणि गुरुवारी उष्णतेची लाट आली. सकाळी बातम्यांत सांगितलं की भर दुपारी वरचं सगळं बंद, थेट पाच वाजता उघडणार. पान्देलिस त्या वेळी नेमका पडदे टांगत होता, आणि दोन्ही बहिणी कोण आधी आवरतं या चढाओढीत तयार होऊन दारात उभ्या होत्या. त्यामुळे ही बातमी पुन्हा एकदा खाली फाटकाशी पोचल्यावर, टॅक्सी निघून गेल्यावरच कळली. तीच तिकिटं पाचनंतर चालतील, असं फाटकावरच्या माणसाने सांगितलं. हेही नसे थोडके.

डांबर चपलेला चिकटत होतं. मावशीने काळा पोशाख बदलून दुसऱ्या बॅगेतला फुलाफुलांचा झगा घातला होता, पण चेहरा त्याच फुलांसारखा लाल झाला होता. "आमच्याकडे याहून ऊन असतं," असं ती म्हणत होती आणि हळूच खुर्चीचा दांडा धरत होती. शेवटी पान्देलिसने दोघींना पायथ्याच्या संग्रहालयात घातलं. संस्कृतीसाठी नव्हे, आत गारवा होता म्हणून.

आत गेल्यावर एवान्थियाबाईंना सुटल्यासारखं वाटलं असावं, कारण त्या आवाज चढवून दाखवायला लागल्या. "हे सगळं मला पाठ आहे. हा बघ पेरिक्लिस."

मावशीने चष्मा लावून खालची पाटी वाचली. "इथे लिहिलंय, वासरू घेतलेला माणूस."

"पेरिक्लिसच. वासरू नंतर दिलंय."

"आणि ही घोड्यावरची?"

"ती त्याची माणसं. सगळी त्याचीच माणसं."

भोवती चारपाच ग्रीक म्हाताऱ्या जमल्या, कुठल्याशा खेड्यातून सहलीला आलेल्या. एवान्थियाबाईंना चेव आला. ॲथीनादेवीच्या नाकाचं काय झालं, कुणाची कुणाशी सोयरीक होती, कोणत्या देवाने कोणाला फसवलं, हे त्या अशा काही सांगू लागल्या की जणू सगळे पांग्रातीतच राहत होते. रखवालदारीण दोनदा जवळ येऊन गेली. पान्देलिस एका खांबाआड उभा राहून आपण या बाईंना ओळखत नाही असा चेहरा करण्याचा प्रयत्न करत होता. पण रिकामी खुर्ची हातात असताना तो साधत नाही.

मग दोघी पाच मुलींच्या पुतळ्यांपाशी आल्या. एकेकाळी वरच्या देवळाचं छत डोक्यावर तोलून धरणाऱ्या, संगमरवरी, माणसाहून उंच. पाठीवर जाड वेण्या. त्यांच्याबद्दल काय थाप मारावी हे एवान्थियाबाईंना सुचेना, किंवा मारावीशी वाटेना.

मावशीने बोटाने मोजलं. "पाच? नातवाच्या फोटोत तर सहा होत्या."

"वर आहेत त्या नकला. खऱ्या या." हे मात्र अथेन्समधल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. "सहावी परदेशात आहे. लंडनला."

"कधीपासून?"

"झाली दोनशे वर्षं."

"येणार आहे का?"

"म्हणतात येईल. दरवर्षी म्हणतात."

मावशी पुढे झाली. दोन मुलींच्या मध्ये एक जागा मोकळी सोडलेली होती. तिथे काहीच नव्हतं, नुसता चौथरा. मावशी त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली. खेड्यातल्या म्हाताऱ्या पुढच्या दालनात गेल्या तरी ती तिथेच.

"हिची जागा ठेवलीय यांनी," ती म्हणाली. "माझी ठेवली होती का गं कोणी?"

पान्देलिस खांबाआडून बाहेर आला होता, तो तिथेच थबकला.

"पोलिक्सेनी," एवान्थियाबाई म्हणाल्या, "दोन खोल्या आणि आपण सात माणसं. तू ऑस्ट्रेलियाच्या बोटीत बसलीस त्या रात्री मी ठरवलं होतं, आता पलंगावर हातपाय पसरून झोपायचं."

"झोपलीस?"

"नाही. कडेलाच पडून राहिले अंग चोरून. म्हटलं, तुला लाथ लागेल." त्यांनी नाक पुसलं. "असं पुष्कळ दिवस चाललं. मग लग्न झालं माझं, आणि तो घोरायचा."

मावशी हसली आणि तिचा चष्मा धुकट झाला. एवान्थियाबाईंनी तिच्या हाताला धरून बाकावर बसवलं, स्वतः बसल्या, गुडघा हाताने उचलून सरळ केला.

"आणि मी वर कधीच गेलेली नाही. आयुष्यात नाही. सांगून टाकते."

"माहीत आहे मला."

"पान्देलीने सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? खोटं बोलताना तू छताकडे बघतेस. लहानपणापासून बघतेस."

"मग येऊन मला तोंडघशी कशाला पाडायला निघाली होतीस?"

मावशी बाकाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "तू 'दाखवते' म्हणालीस ना. एरवी दरवेळी म्हणतेस, कशाला येतेस एवढ्या लांब, दगदग होईल. या खेपेला पहिल्यांदा 'ये' म्हणालीस."

एवान्थियाबाईंनी तिचा चष्मा काढून आपल्या बाहीने पुसून दिला.

*

पाच वाजले तेव्हा दोघी संग्रहालयाच्या वरच्या गच्चीवरच्या उपाहारगृहात गार कॉफी पीत बसल्या होत्या. समोर खडक अगदी हात लावावा इतका जवळ होता. वारा पडला होता, संप नव्हता, लिफ्ट चालू होती.

"चला," पान्देलिस म्हणाला.

"कुठे?" दोघी म्हणाल्या.

"वर! आई, तुझ्यापायी मी झाडावर चढलोय. इमारतीत मला वेडा म्हणतात. आता लिफ्ट चालू आहे आणि तू म्हणतेस कुठे?"

"ओरडू नकोस, लोक बघतायत. आम्ही बोलतोय ना आत्ता कुठे. आणखी एक आइस्क्रीम सांगितलंय. तू जाऊन ये. तिकीट वाया नको जायला."

"बघून ये आणि आम्हाला सांग," मावशी म्हणाली. "आणि ती खुर्ची घेऊन जा बाबा. वाटेत येते."

अशा रीतीने नोटरीच्या कचेरीतला कारकून पान्देलिस वुर्लिस रिकामी चाकांची खुर्ची ढकलत ॲक्रोपोलिसच्या फाटकाशी पोचला. फाटकावरच्या माणसाने तिकिटं पाहिली, चिठ्ठी पाहिली, खुर्ची पाहिली. "आजारी कोण आहे?"

"संधिवात आहे. मध्यम."

"कुठे आहेत त्या?"

"खाली आइस्क्रीम खातायत."

त्या माणसाने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, खुर्ची आपल्या टपरीत ठेवून घेतली, आणि लिफ्ट फक्त ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी आहे असं हळुवारपणे सांगितलं. पान्देलिस पायीच चढला. पायऱ्या झिजून गुळगुळीत झालेल्या; सगळं जग चढून गेलेलं, तोच काय तो राहिलेला. धाप लागली, शर्ट पाठीला चिकटला, डोळ्यांत घाम गेला. वर पोचल्यावर तो एका दगडावर टेकला तर शिट्टी वाजली. दगड प्राचीन होता. तो उठला आणि कसाबसा दक्षिणेकडच्या तटापाशी जाऊन उभा राहिला. खिशात फोन वाजला.

"पोचलास?" आईचा आवाज. "इकडे बघ! हात हलव!"

त्याने खाली पाहिलं. संग्रहालयाची गच्ची काडेपेटीएवढी दिसत होती आणि त्यावर मुंग्या. त्याने हात हलवला.

"नाही दिसत. दोन्ही हलव."

त्याने दोन्ही हलवले. शेजारच्या एका जर्मन बाईला वाटलं तो मदत मागतोय. तिने पाण्याची बाटली पुढे केली.

"दिसला गं, दिसला!" मागून मावशी ओरडली. "तो बघ, टक्कल चमकतंय!"

"सांग आता," आई म्हणाली. "कसं आहे वर?"

पान्देलिसने मान वळवून मागे पाहिलं. खांब होते. खांबांना परांची होती. परांचीच्या वर एक पिवळी क्रेन होती, आणि हेल्मेट घातलेला एक माणूस कसल्याशा दगडाला इतक्या सावकाश पुसत होता की जणू त्याला कुठे जायचंच नव्हतं.

"काम चालू आहे," तो म्हणाला.

"अजून? कधी संपणार म्हणतात?"

पान्देलिसने पुन्हा त्या माणसाकडे पाहिलं. "यंदा तर नाही."

पलीकडे दोघी काहीतरी कुजबुजल्या. मग फोन मावशीने घेतला. तिचा आवाज ऑस्ट्रेलियातून यायचा त्यापेक्षाही जोरात आला.

"ठीक आहे, पान्देली. तू ये खाली. अर्धवट काम काय बघायचं? त्यांना म्हणावं सावकाश करा, घाई नाही. मी पुढच्या वर्षी येते."

"मीही येते," आई मागून म्हणाली.

शिट्टी पुन्हा वाजली. तट सोडून मागे व्हा, म्हणून. पान्देलिस हलला नाही. खाली त्या काडेपेटीवरच्या मुंग्यांपैकी दोन हात हलवत होत्या, आणि त्या हात हलवायचं थांबवेपर्यंत त्यालाही थांबता येईना.